सात नंबरचा निरोप

डेअरीत माझ्या नवऱ्याला सगळे 'हॉर्न' म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे म्हणतात, पगार काढणारा कारकूनसुद्धा म्हणतो, आणि ह्याला त्याचं काही वाटत नाही. फोन उचलून स्वतःच सांगतो, "हॉर्न बोलतोय." आवाजच तसा आहे. घरात त्याने मीठ मागितलं की शेजारीण मीठ घेऊन दारात उभी. दुधाचा टँकर चालवतो, गाडी नंबर अकरा. मी त्याच डेअरीची थंड व्हॅन चालवते, नंबर एकोणीस, आणि पिशव्यांचं दूध घाटापलीकडच्या दुकानांना पोचवते. म्हणजे दोघांचं पोट एकाच रस्त्यावर.

त्याच्याबद्दल काही सांगायचं तर आधी हे सांगायला हवं, की माणूस जळकुकडा आहे. हे मी बायको म्हणून सांगते, वैरीण म्हणून नाही. शेजाऱ्यांनी नवा पंखा आणला तर त्या वाऱ्याने ह्याला सर्दी होते. कुणाला बढती मिळाली की ह्याचं जेवण कमी होतं, आणि त्या माणसाला काही दुखलंखुपलं की आधी हाच धावतो, कारण आजारी माणसावर जळायचं कारण उरत नाही. मनात काही ठेवता येत नाही त्याला. कपाळावर सगळं लिहिलेलं असतं आणि वर ते तो मोठ्याने वाचूनही दाखवतो. जळण्याच्या बाबतीत मीही काही कमी नाही. फक्त मी पोटात ठेवते.

माझ्या पोटात आहे ती ताई, माझी थोरली बहीण. तीही आमच्याच डेअरीत, प्रयोगशाळेत दूध तपासते. पांढरा कोट, हातमोजे, काचेच्या नळ्या, सगळं जागच्या जागी. लहानपणी तिच्या पुस्तकांना कव्हरं असायची आणि माझ्या पुस्तकांना पानं असली तरी खूप. नवराही तिला तसाच मिळाला. दाजी कधी आवाज चढवत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून टँकर चालवायला बसतात आणि संध्याकाळी तो शर्ट तसाच्या तसा घरी आणतात. माझ्या नवऱ्याच्या शर्टाचं दुपारपर्यंत फडकं झालेलं असतं. आई होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, थोरलीने नशीब काढलं हो. धाकटीने काय काढलं ते तिने कधी सांगितलं नाही.

बरं, ह्या दाजींना डेअरीत लावलं कुणी? ह्यानेच. त्यांचा आधीचा कारखाना बंद पडला तेव्हा हा आमच्या सुपरवायझरच्या हात धुऊन मागे लागला. सुपरवायझर फारसं बोलत नाही म्हणून त्याला आम्ही कुलूप म्हणतो. ह्याने ते कुलूप बोलून बोलून उघडलं. साडू आहे माझा, हिऱ्यासारखा माणूस आहे, घेऊन तर बघा, म्हणाला. त्यांनी घेऊन बघितलं, आणि खरंच हिरा निघाला. तिथून ह्याचं पोट दुखायला लागलं ते लागलंच.

त्याआधीचे दिवस ह्याचे होते. घाटात फोन लागत नाही. वर धुकं आहे का, दरड आली आहे का, कुणाच्या गाडीतून तेल सांडलंय का, हे वर जाऊन आलेल्या माणसाकडूनच कळायचं. त्यासाठी एक रीत पडली होती, तिला आम्ही 'खिडकी' म्हणायचो. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांनी रुंद वळणावर थांबायचं, खिडकीला खिडकी लावायची, आणि वरच्याने खालच्याला रस्ता सांगायचा. मगच पुढे जायचं. पहाटे पहिली गाडी अकरा नंबरची असायची, त्यामुळे रस्ता पहिल्यांदा ह्याच्या तोंडून सगळ्यांना कळायचा. ते तोंड असं की तीन वळणं खालच्यालाही ऐकू जायचं. कोण कुठे आजारी आहे, कुणाच्या मुलीचं ठरतंय, हेही त्यात यायचं. उशीर व्हायचा, कुलूप चिडायचं, पण ह्याच्याशी खिडकी केल्याशिवाय कुणी घाट चढायला तयार नसे. त्या दिवसांत मी त्याला कुणावर जळताना पाहिलं नाही.

मग डब्या आल्या. प्रत्येक गाडीच्या काचेखाली एक काळी डबी, टपावर बोटभर काडी. चाक जरा घसरलं, ब्रेक जोरात लागला, धुक्याचा दिवा लागला, की डबीला आपोआप कळतं. आणि डब्या आपसात बोलतात. वर जाणारी खाली येणारीला सांगते, ती ते घेऊन खाली येते आणि चढणाऱ्याला देते. पाणवठ्यावर बायका एकमेकींना सांगतात ना, तसंच. फोन लागो न लागो. गाडी थांबवायची गरज नाही, काच खाली करायची नाही, पुढच्या वळणावर काय आहे ते आधीच काचेवर लिहून येतं. शेजारी लिहिलेलं असतं, कुणी पाठवलं.

डबी सगळ्यात आधी बसली ती नव्या टँकरवर. नवा टँकर जुन्या माणसाला मिळायचा असा आमच्याकडे रिवाज. हा तर शपथेवर सांगत फिरत होता की गाडी आपलीच. खरंच त्याने तिच्यासाठी सीटचं कव्हर घेऊन ठेवलं होतं. गाडी मिळाली दाजींना, नंबर सात. कुलपाने कारण सांगितलं की ते गाडी स्वच्छ ठेवतात आणि हुज्जत घालत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे आणखीच जिव्हारी लागल्या. पुढे पहाटेची पहिली फेरीही सातकडे गेली, कारण रस्ता आधी नव्या डबीने बघावा असं ठरलं. अकरा नंबर मागून जायचा, टाकी धुऊन झाल्यावर, पार उजाडल्यावर.

शिकवणीही दाजींनीच घेतली. डबीवाल्या कंपनीची एक मुलगी येऊन आधी त्यांना शिकवून गेली आणि त्यांनी कँटीनमध्ये आम्हा सगळ्यांना बाकांवर बसवून समजावलं. दोन बटणं. हिरवं 'आहे', लाल 'गेलं'. निरोप आलेल्या जागेवरून जाताना धोका अजून असेल तर हिरवं दाबायचं, नसेल तर लाल. दाजी अगदी हळू, शब्द सुटे करून सांगत होते, "तिथून जो शेवटचा गेला, त्याचं खरं धरतात. तुम्ही लाल दाबलंत की तो निरोप तुमच्या मागच्या सगळ्यांच्या काचेवरून जातो." मी पुढच्या बाकावर होते, मला ऐकू आलं. त्याच वेळी मागच्या बाकावर हशा पिकला होता. मागच्या बाकावर हा बसला होता आणि मास्तरांची नक्कल करून दाखवत होता. अख्ख्या शिकवणीत त्याने शिकली ती तेवढी नक्कल.

त्या दिवसापासून ह्याच्या काचेवर दिवसभर सात नंबर यायला लागला. धुकं, ७ कडून. खड्डा, ७ कडून. खडी, ७ कडून. साडूने साडूला सांगावं, तेही लेखी, तेही तासातासाला, की जरा हळू चालव. ह्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन टेबलावर थाळी आपटत म्हणायचा, ह्या घाटात मी तुझ्या दाजींच्या आधी म्हातारा झालोय, मला वळणं शिकवतात! एकदा मी बोलून गेले, की आज दाजींचा निरोप अगदी वेळेवर आला, नाहीतर मी त्या खडीत गेलेच असते. हा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मी इतकी वर्षं खिडकी करत होतो, तेव्हा कधी म्हणालीस, वेळेवर आला?" मी म्हटलं, अरे, तू नवरा आहेस. त्यावर तो म्हणाला, आणि ते दाजी. ते 'आले', मी 'आला'. त्या रात्री उरलेलं जेवण मी झाकून ठेवलं.

खोटं कशाला बोलू, त्याच्या जळण्याचं मला हसू यायचं, पण थोडं बरंही वाटायचं. ताईकडे गेलं की ती म्हणायची, ह्यांना ना, कशाचा म्हणून त्रास होत नाही. असं म्हणताना ती खिडकीतली कुंडी इकडची तिकडे करायची. मी तिच्या कोऱ्या टेबलक्लॉथकडे बघायची आणि मनात म्हणायची, आमच्याकडे एकाला पुरून उरेल एवढा होतो, वाटून घेऊ या का?

टँकरच्या केबिनमध्ये हा काय करत होता, ते मला खूप नंतर कळलं. सातचा निरोप आला की ती जागा आपल्या सवयीने सांभाळून पार करायचा आणि लगेच लाल बटण दाबायचा. धोका गेला म्हणून नाही. सात नंबर काचेवरून गेला पाहिजे म्हणून. डोळ्यासमोर ते नाव नको, एवढाच हिशेब. आपल्या काचेवरून पुसलं म्हणजे आपल्यापुरतं पुसलं, असंच तो धरून चालला होता. त्याला शिकवणीत कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं, असं तो आजही म्हणतो. म्हणजे सांगितलं होतं, पण दाजींनी सांगितलं होतं.

ते झालं ती सकाळ साधीच होती. ऊन पडलेलं, धुक्याचं नाव नाही. टाकीचं वळण म्हणून एक वळण आहे, घाटमाथ्याच्या जरा खाली. तिथे पाण्याची जुनी टाकी आहे. तिचा पाइप कुठेतरी फुटला होता, आणि आदल्या दिवशी मातीच्या गाड्या गेल्या होत्या, त्यांची सांडलेली चिकणमाती भिजून रस्ताभर पसरली होती. सावलीत ते ओलं दिसतही नव्हतं. पहाटे दाजींचं चाक तिथे जरासं सरकलं. निसरडं, टाकीचं वळण, ७ कडून, असा निरोप खाली उतरणाऱ्या गाड्यांबरोबर आला आणि ह्याच्या काचेवर लागला. हा तिथून गेला तो मुंगीच्या पावलाने. जुना माणूस, त्याला पाय कुठे टाकायचा ते कळतं. चाक घसरलं नाही, म्हणून त्याच्या डबीला काही कळलं नाही. वळण संपल्यावर त्याने लाल बटण दाबलं आणि माथ्यावरच्या टपरीवर चहाला थांबला.

मी त्याच्या मागून चालले होते. माझ्या काचेवर काही नव्हतं. पूर्वी त्या वळणावर मी उगाचच हळू व्हायची, खिडकीत कुणी काही सांगितलं नसलं तरी. डबी आल्यापासून ती सवय गेली होती. काच कोरी म्हणजे रस्ता चांगला, हे अंगात भिनलं होतं. आहे त्याच वेगाने मी वळणात शिरले आणि व्हॅन माझ्या हातातून निघून गेली. स्टिअरिंग फिरत होतं आणि गाडी दुसरीकडेच जात होती. नशीब म्हणायचं, की ती दरीकडे न जाता डोंगराकडे गेली, गटारात चाक अडकलं आणि व्हॅन आडवी झाली. मागचे सगळे क्रेट फुटले. माझ्या खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि मग दूध माझ्या सीटखालून वाहत काचेकडे जाताना दिसलं. थंडगार होतं.

माझ्याकडे आधी पोचले ते दाजी. पलीकडून दूध भरून ते परत उतरत होते. त्यांनी काच फोडून मला बाहेर काढलं, स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला, आणि मला डोंगराला टेकवून बसवलं. तेवढ्यात वरून हा धावत आला. चढून येणाऱ्या डेअरीच्याच एका गाडीच्या डबीने टपरीवर उभ्या असलेल्या अकराच्या काचेवर लिहिलं होतं, अपघात, १९ कडून. तेव्हा हा पुढच्या चाकातली हवा बघत होता. टँकर तिथेच सोडून, एका पायात चप्पल, असा तो वळणं उतरत आला. चेहरा पांढराफटक. मला बघितलं, दाजींना बनियनवर बघितलं, माझ्या गळ्यातला शर्ट बघितला. आणि माझा नवरा काय बोलला असेल? "तुम्ही कधी आलात?"

म्हणजे तिथेही. मी जिवंत आहे एवढं कळल्यावर दुसरा श्वास घेतला तो त्या जळफळाटाचाच. मला हसायला आलं आणि हसताना खांद्यात असली कळ गेली की डोळ्यासमोर अंधारी आली.

खरं काय झालं ते दवाखान्यात बाहेर आलं. हाड मोडलं होतं, दगडासारखा पट्टा बांधून मला पलंगावर ठेवलं होतं. ताई खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत आम्ही तिघंच. ह्याचा आवाज दवाखान्यातही तोच. म्हणाला, काय तुमच्या डबीचं कौतुक साडूभाऊ, मला निरोप आला, तुमचाच आला, मग हिला का नाही आला? दाजींनी आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही काढलात ना तो."

"मी माझ्या काचेवरून काढला."

"तो सगळ्यांच्याच काचेवरून जातो."

हा पलंगाच्या दांड्याला धरून उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीही आवाज येत नव्हता. लग्नापासून असं मी पहिल्यांदा बघत होते. मग तो खाली बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

मला मात्र भलताच प्रश्न पडला. मी दाजींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं ह्याने काढला ते? ते म्हणाले, ज्याने पाठवला त्याला दिसतं, कुणी पुसला ते. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. माथ्यावर टपरीजवळून उतरताना अकराच्या डबीकडून कळलं त्यांना. नेहमीप्रमाणे त्या वळणावर पोचलो की पुन्हा पाठवू, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, नेहमीप्रमाणे म्हणजे? तर म्हणाले, बरेच महिने झाले. हे पुसतात, मी परतताना पुन्हा पाठवतो.

"आणि तुम्ही ह्याला एकदाही बोलला नाहीत?"

"साडूला काय सांगायचं, म्हटलं. आधीच त्यांना माझं काही सोसत नाही."

पलंगावरून उठता आलं असतं तर मी काहीतरी फेकून मारलं असतं. कुणाला, ते मला सांगता येत नाही. एक जळून जळून आंधळा झाला, आणि दुसरा चांगुलपणापायी मूग गिळून बसला. टपरीसमोर गाडी थांबवून काच खाली करायची आणि म्हणायचं, अहो, ते लाल बटण दाबू नका, मागे बाईमाणसं येतात. एवढं पुरलं असतं. पण त्यात वाईटपणा आला असता. दाजींच्या शर्टाला तो चालला नसता. मी इतकी वर्षं ज्या माणसावरून ताईवर जळत होते, त्याचा मला त्या क्षणी आपल्या नवऱ्यापेक्षा जास्त राग आला.

ताई औषधं घेऊन आली तेव्हा कुणीच काही बोललं नाही. तिने गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावून सांगितलं आणि चादर नीट केली.

घरी आल्यावर मीच ह्याला म्हटलं, गप्प बस. डेअरीत चौकशी बसणार होती. निरोप पुसला हे कळलं तर टँकर जाणार, कदाचित नोकरीच जाणार. माझा हात बांधलेला, घर कोण चालवणार? दाजींशिवाय कुणाला माहीत नाही, आणि दाजी सांगणाऱ्यातले नाहीत. त्यांना कुणाचं नाव घ्यायचं असतं तर ते कधीच घेतलं असतं. हा दोन्ही वेळा जेवत होता, पण चव नसल्यासारखा. शेजारीण मला विचारायला आली की घरात सगळं ठीक आहे ना, आवाज येत नाही म्हणून.

चौकशीच्या दिवशी कँटीनमध्ये तेच बाक. सगळे ड्रायव्हर, धुलाईवाले, प्रयोगशाळेतून ताई आणि तिच्या बरोबरीच्या. मी गळ्यात हात घेऊन भिंतीशी. समोर कुलूप, आणि त्याच्या शेजारी डबीवाल्या कंपनीची ती मुलगी. ती म्हणाली, त्या वळणाचा निरोप सातने पाठवला हे आम्हाला दिसतं, तो एकोणीसपर्यंत का पोचला नाही ते आम्हाला इथून कळत नाही. सातच्या चालकाला काही सांगता येईल का?

दाजी उठले. मला माहीत होतं की ते नाव घेणार नाहीत. ह्यालाही माहीत होतं, तो खाली मान घालून बसला होता. पण त्यांनी जे केलं ते मला वाटलं नव्हतं. ते त्याच हळू, सुट्या सुट्या शब्दांत म्हणाले, "चूक माझ्याकडूनच झाली असावी. मी बहुतेक परत उतरताना, वळण यायच्या आधीच, लाल बटण दाबलं. माझ्या लक्षात आलं नाही."

कुलपाने मान डोलावली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते सहानुभूतीचे भाव आले. बिचारा, किती प्रामाणिक माणूस, चूक कबूल करतो. बायकांत कुणीतरी च्‌ च्‌ केलं. म्हणजे आता चूक केल्याचाही मान त्यांना मिळणार होता.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. हे कान मला पाठ आहेत. नवा टँकर सातला मिळाला त्या दिवशी असेच झाले होते.

तो उठला आणि त्या कँटीनला कित्येक दिवसांनी पुन्हा हॉर्न ऐकू आला. "खोटं बोलतायत ते. निरोप मी काढला. रोज काढतो. ह्यांचा नंबर मला काचेवर बघवत नाही म्हणून काढतो."

मागे कुणीतरी हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही.

"गाडी ह्यांना दिली, ठीक आहे. पहिली फेरी दिली. माझी बायको घरी जेवताना ह्यांचं नाव घेते. धावत येऊन बघतो तर तिला गाडीतून ह्यांनीच काढलेली. मी म्हटलं, बरं. पण ही चूक माझी आहे. माझ्या बायकोचं हाड मोडलं, ते मी मोडलं. एवढी एक गोष्ट माझी स्वतःची आहे आणि तीसुद्धा हे घ्यायला निघालेत. ती मी ह्यांना देणार नाही."

एवढं बोलून तो बसला. बसताना बाक कुरकुरला. पश्चात्ताप, सच्चेपणा, असले मोठे शब्द मी त्याला लावणार नाही. तो जळत होता, आणि जळत जळतच खरं बोलला. दाजी तसेच उभे राहिले, आता बसावं की नाही हे न कळल्यासारखे. मग बसले.

टँकर त्याच दिवशी गेला. नोकरी राहिली, कारण कुलपाला म्हणे असा कबुलीजबाब आधी कुणी दिला नव्हता, आणि त्याचं काय करायचं असतं तेच त्याला माहीत नव्हतं. ह्याला यार्डात टाक्या धुवायला लावलं. डब्यांचंही बदललं, आता दोन गाड्यांनी लाल दाबल्याशिवाय निरोप जात नाही. यार्डात हा सगळ्यात आधी सातची टाकी धुतो, आणि धुताना कशी ठेवलीय गाडी बघा, म्हणून नावं ठेवतो. नावं ठेवण्यासारखं तिच्यात काही नसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचंच. चौकशी उठल्यावर मी प्रयोगशाळेकडे गेले. ताई बेसिनवर नळ्या धूत होती. धुऊन झालेल्याच पुन्हा धूत होती. मी आल्याचं कळलं तरी वळली नाही. म्हणाली, ह्यांना आधीपासून माहीत होतं का ग? मी म्हटलं, हो, कित्येक महिने. तिने नळ बंद केला.

"मला घरात एका शब्दाने बोलले नाहीत," ती म्हणाली. "कशाबद्दलच बोलत नाहीत ग. तू त्या गाडीत होतीस. तुझा निदान ओरडतो तरी."

तिच्या हातमोज्यातून पाणी गळत होतं आणि ती रडत होती. अगदी ताईसारखी, आवाज न करता. माझा खांदा ठणकत होता, नवऱ्याची गाडी गेली होती, महिन्याचं कसं भागवायचं ते मला माहीत नव्हतं. तरी मला आतून इतकं बरं वाटलं, की माझी मलाच भीती वाटली. लहानपणापासून मी तिच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत आले, त्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती. मी ते थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग एका हाताने जमेल तेवढं तिला जवळ घेतलं.